तुझा हेडफोन आणि माझी साठ पावलं

म्हादू, तुझ्या शोकसभेला तुझाच कर्णा शिट्टी मारत होता. मी मोजल्या. दोन तासांत सतरा शिट्ट्या.

पोलादपूरच्या शाळेच्या पटांगणात खुर्चीवर तुझा फोटो, त्याला झेंडूचा हार, आणि फोटोच्या वर चार हातांवर कर्णा. माईक बरोबर त्या कर्ण्याच्या तोंडासमोर. तू असतास तर बांधणाऱ्याचे कान उपटले असतेस. मशीनवर बसवलेल्या इसमानं तिन्ही बटणं शेवटपर्यंत फिरवली होती आणि तो पान खात बसला होता. शिट्टी झाली की लोक कान झाकायचे आणि हसायचे. शोकसभेत हसायचे.

तुझा मेहुणा रघुनाथ शाहीर पाऊण तास बोलला. त्यातली चाळीस मिनिटं स्वतःविषयी. "आमच्या भावोजींचा कान म्हणजे सोन्याचा कान!" असं तो ओरडला आणि कर्ण्यानं पुन्हा शिट्टी मारली. मला इतकी किळस आली की मी उठलो आणि मागे चालत गेलो. साठ पावलं. आपली नेहमीची जागा. तिथून एक शब्द लागत नव्हता, नुसता पत्रा वाजत होता. माझा हात सवयीनं खिशातल्या रुमालाकडे गेला, तुला खूण करायला. मग खुर्चीवरचा फोटो दिसला.

तुझे गुण सांगायला मी हे लिहीत नाही. ते त्या दिवशी अकरा जणांनी सांगितले, आणि त्यातल्या सात जणांनी तुला कधी काम करताना पाहिलं नव्हतं. मी लिहितो आहे कारण चार वर्षं तुला एक प्रश्न विचारायचा मी टाळला. त्या जत्रेतल्या सामन्यात धोंडूबुवा शाहिराचा आवाज तू मुद्दाम कमी केलास का? विचारला असता तर तू उत्तर दिलं असतंस. मी विचारला नाही, आणि मनात उत्तर मात्र ठरवून ठेवलं.

आपलं काम कसं चालायचं ते इतरांना सांगायला हवं, कारण सभेत ते कोणी सांगितलं नाही. मी महाडच्या भातगिरणीत वजनकाट्यावर. सुट्टीच्या दिवशी तुझ्याबरोबर यायचो. लग्न, भजन, जत्रा. तू मशीनपाशी बसायचास, डोक्याला तो लढाईतला जुना हेडफोन, एका हाताखाली गाणाऱ्याचं बटण, दुसऱ्या हाताखाली वाद्याचं. कोणाचा आवाज किती, ते तू हेडफोनात ऐकून ठरवायचास. मी साठ पावलं मोजून लोकांत उभा राहायचो. रुमाल वर धरला की वाढव, खाली सोडला की कमी कर.

निदान ठरलं तसं होतं. तू डोळे मिटून बसायचास आणि माझा रुमाल वाऱ्यावर.

"हेडफोनात मला माणसाचा श्वास पण ऐकू येतो," तू म्हणायचास.

"श्वास तुला ऐकू येतो. लोकांना काय ऐकू येतं?"

"लोकांत वारा हाय, पोरं रडतात, फुटाणेवाला वरडतो. तिथं उभं ऱ्हाऊन तुला काय खाक कळनार?"

"लोक तिथंच बसतात, म्हादू. तुझ्या डोक्यात येऊन बसत नाहीत."

"काटेवाल्या, भात तोलतोस तसा आवाज तोलू बघतोस. आवाज काय पोत्यात भरतो का रं?"

काटेवाल्या. बारा वर्षांत तू मला यशवंत अशी हाक फार तर पाच वेळा मारली असशील.

मी वही ठेवायचो. देवळाचं पटांगण, भजन: गाणारा पाच, मृदंग दोन. मांडवाखाली, सनई: तीन. तू वहीला हसायचास. पण प्रत्येक कामाच्या आधी माझ्याकडे न बघता विचारायचास, "वहीत काय हाय?" आंबेनळी घाटाच्या अंगाला त्या उंचावरच्या वाडीत लग्न होतं, गाडी जात नव्हती, तेव्हा बॅटरी आळीपाळीनं खांद्यावर घेऊन चढलो. दर तीनशे पावलांना खांदा बदलायचा, असं मी ठरवलं होतं. तुझी पाळी आली की तू मोजायला विसरायचास आणि पाचशे-सहाशे पावलं जायचास. मला वाटायचं तू बेशिस्त आहेस. आता वाटतं, तुला माझा खांदा दिसत असावा. बॅटरीतलं ॲसिड सांडून माझ्या धोतराला सात भोकं पडली होती.

आता हेडफोनविषयी. हे मी तुझ्या तोंडावर कधी बोललो नाही.

मला त्याची शिसारी होती. कानावर बसणाऱ्या त्या दोन चामडी गाद्या काळ्या पडलेल्या, चिरलेल्या. चिरांत तुझ्या डोक्याचं खोबरेल, कानातला मळ, घाम, सगळं मुरलेलं. उन्हात पेटी उघडली की खवट गोड वास यायचा. एकदा एका गादीला तुझे दोन केस चिकटलेले पाहिले आणि त्या दिवशी मी जेवलो नाही. तू तो हेडफोन कोणाच्याही डोक्यावर घालायचास. नवरदेव, भजनीबुवा, शाळामास्तर. "ऐका, ऐका, कसा गोड लागतोय," म्हणून. सगळे घालायचे. बारा वर्षांत मी एकदाही घातला नाही. आवाज मैदानात ऐकावा, हे माझं तत्त्व होतं असं तू समजायचास. मीही तसंच समजत होतो. तत्त्व होतंच. पण त्याच्या खाली ही घाण होती, आणि घाणीला तत्त्वाचं नाव दिलं की कोणाला उत्तर द्यावं लागत नाही.

गोवा सुटला त्याच्या दुसऱ्या वर्षीची माघातली जत्रा. सावित्रीच्या काठचं मैदान, दुपारी तीनची वेळ, दोन शाहिरांचा सामना. एकानं सवाल गायचा, दुसऱ्यानं जबाब गायचा. निवाडा करायला पंच नाही, निवाडा लोकांचा. जबाब पटला की आपल्याकडचे लोक टाळ्या कमी वाजवतात आणि टोप्या जास्त हलवतात. शेवटी हरलेल्यानं जिंकलेल्याच्या हातात नारळ द्यायचा. एका बाजूला रघुनाथ शाहीर, तुझ्या बायकोचा सख्खा भाऊ. दुसऱ्या बाजूला घाटातल्या वाडीचा धोंडूबुवा. त्यानं पस्तीस वर्षांत कोणाला नारळ दिला नव्हता.

सकाळी सामान उतरवताना तुझी पेटी कलंडली आणि हेडफोन वाळूत पडला. तुझ्या दोन्ही हातांत मशीन. "उचल रं, उचल!" तू ओरडलास. मी रुमाल काढला, रुमालानं धरून तो उचलला, वाळू झटकली आणि पेटीत टाकला. रुमालासकट टाकला. तो रुमाल पुन्हा खिशात घालणं मला शक्य नव्हतं.

सामना सुरू झाला. रघुनाथचा आवाज बारीक आणि धारदार, साठ पावलांवर अक्षर न् अक्षर लागत होतं. मी शंभरावर जाऊन पाहिलं, तिथंही लागत होतं. मग धोंडूबुवा उभा राहिला. त्याचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा, जाड आणि खोल. साठ पावलांवर ढोलकी ऐकू आली, घुंगरू ऐकू आले, धोंडूबुवा नाही. त्याचे ओठ हलताना दिसत होते.

"काय बोलतोय तो?" माझ्या पुढचा एक जण म्हणाला.

"जबाब येत नाय वाटतं. तोंडातल्या तोंडात बोलतोय," दुसरा म्हणाला, आणि दोघं हसले.

मी खिशात हात घातला. रुमाल नव्हता. मग डोक्यावरची टोपी काढली आणि हात उंच करून हलवली. तुझं लक्ष नव्हतं. हेडफोन घातलेला, डोळे मिटलेले, मान डोलत होती. दर फेरीला मी टोपी वर केली. अकरा वेळा. तुझ्या मशीनपर्यंत यायला वाट नव्हती, माणसं खेटून बसली होती. पाचाच्या सुमाराला धोंडूबुवानं रघुनाथच्या हातात नारळ दिला. देताना त्याचा हात स्थिर होता. लोकांनी रघुनाथला उचललं.

मी तुझ्यापाशी आलो तेव्हा तू वायरी गुंडाळत होतास. "धोंडूबुवाचा आवाज आलाच नाही," मी म्हणालो.

"आला की. दोघांची बटनं सहावर होती."

"आला नाही, म्हादू. मी उभा होतो तिथं."

तुझा स्पूलचा टेपरेकॉर्डर मशीनला जोडलेला असायचा, त्यात सगळं भरलं होतं. तू रिळ मागे फिरवलंस, हेडफोन डोक्यावरून काढलास आणि माझ्यापुढे धरलास. "घे. तूच ऐक."

गाद्या ओल्या होत्या. उन्हात चमकत होत्या.

"नको," मी म्हणालो. "मला गरज नाही. मी मैदानात होतो."

तू त्याची वायर गुंडाळलीस. मग पेटीत ठेवलास. "बरं," एवढंच म्हणालास.

एसटीच्या थांब्यावर धोंडूबुवा भेटला. एकटाच होता, पागोटं काखेत. माझ्या जवळ आला. "तुमी मैदानात होतात. गिरनीतलं मानूस, काट्यावरचं, खोटं बोलनार नाय. खरं सांगा. माझा आवाज कमी केला का त्यानं?"

मी म्हणालो, "बटणं म्हादूच्या हातात होती."

खोटं नव्हतं. एक अक्षर खोटं नव्हतं, म्हणूनच मला त्याची आता ओकारी येते. खोटं बोललो असतो तर मागे घेता आलं असतं.

ते वाक्य आठवडाभरात घाटातल्या सगळ्या वाड्यांत गेलं. पुढच्या लग्नसराईत वरच्या एकाही वाडीनं तुला बोलावलं नाही. आधी वर्षाला दहा-बारा कामं असायची. "मेहुण्याचा माईकवाला" हे नाव तुला कळलं, तेव्हा तू माझ्या ओटीवर बसून मला विचारलंस, "कोन बोललं असंल रं?"

"लोक बोलतात," मी म्हणालो. आणि तुला चहा दिला. तू चहा प्यायलास, कप स्वतः विसळून ठेवलास, माझ्या घरी तसं लागतं म्हणून. त्यानंतरही तू दर कामाच्या आधी विचारत राहिलास, "वहीत काय हाय?" मी सांगत राहिलो.

तुझे दिवस झाल्यावर तुझ्या बायकोनं, सुमनवहिनींनी, मला तुझं माईकचं दुकान आवरायला बोलावलं. "भावोजी, त्यातलं मला काय कळत नाय. तुमीच बघा काय ठेवायचं," म्हणाल्या. फळीवर रिळांचे सव्वीस डबे होते. एकावर तुझ्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: धोंडूबुवा. चांगला.

मी ते रिळ आधी कर्ण्यावर लावलं. दुकानाबाहेर कर्णा ठेवला आणि साठ पावलं गेलो. तसंच! रघुनाथ स्वच्छ, धोंडूबुवा गायब. मला बरं वाटलं. तू जाऊन महिना झाला नव्हता आणि मला बरं वाटलं, माझं खरं निघालं म्हणून. तुझ्या शोकसभेतल्या पान खाणाऱ्या इसमाला मी नावं ठेवली, पण त्या क्षणी त्याच्यात आणि माझ्यात काय फरक होता?

मग हेडफोन काढला. स्पिरिटनं गाद्या तीनदा पुसल्या. कापूस तिन्ही वेळा काळा झाला. वर धुतलेलं फडकं घातलं आणि श्वास धरून कानाला लावला.

धोंडूबुवा होता. पूर्ण. प्रत्येक शब्द, दोन शब्दांमधला श्वास, खाली जाताना घशातली घरघर. रघुनाथइतकाच, तसूभर कमी नाही. मी पहिला सवाल-जबाब तीन वेळा ऐकला, मध्ये पुन्हा कर्ण्यावर लावून पाहिला. एकच रिळ, एकच बटण. कर्ण्याच्या पत्र्यातून जाड आवाज बाहेर पडतच नाही. बारीक आवाज तो लांब फेकतो, खोल आवाजाचं नुसतं टरफल बाहेर येतं, आणि तेही ढोलकीखाली चिरडतं. हेडफोनाला ती अडचण नाही. तुला दोघं सारखे ऐकू आले होते. बटणं सहावर होती.

तू खरं बोलत होतास आणि मीही खरं बोलत होतो. फक्त तू मला तुझं ऐकायला दिलं होतंस, आणि ते वासाचं म्हणून मी घेतलं नाही. दोन मिनिटं घातला असता तर त्याच दिवशी कळलं असतं, वहीत एक ओळ वाढली असती: जाड आवाज, कर्ण्यावर, गाणारा आठ. एवढंच होतं ते. एक ओळ.

परवा टेपरेकॉर्डर घेऊन धोंडूबुवाच्या वाडीवर गेलो. एसटी घाटात सोडते, तिथून चढ. आतल्या बॅटऱ्यांसकट यंत्र साडेआठ किलो भरलं होतं, तीनशे पावलांना खांदा बदलत गेलो. तो अंगणात दोऱ्या वळत होता. थकला आहे.

"कोन?"

"महाडचा यशवंत. म्हादूबरोबर यायचो."

"म्हादू गेला म्हनं."

"हो."

"मी आलो नाय," तो म्हणाला. दोरी वळायची थांबवली नाही.

यंत्र लावायच्या आधी मी बोललो. ते नंतर बोललो असतो तर यंत्राच्या मागे लपल्यासारखं झालं असतं. "बुवा, त्या दिवशी थांब्यावर तुम्ही मला विचारलंत—"

"बटनं म्हादूच्या हातात होती," तो म्हणाला. चार वर्षांनी, शब्द न् शब्द. "होती ना?"

"होती. पण त्यानं फिरवली नव्हती. हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना मी बोललो."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. मी हेडफोन पुढे केला. त्यानं हातही न पुसता घेतला, पागोटं काढलं आणि थेट कानांवर दाबला. मी रिळ सुरू केलं. पहिली दोन मिनिटं तो हलला नाही. मग त्याचं बोट मांडीवर ढोलकीच्या मात्रा धरायला लागलं आणि ओठ हलायला लागले. मैदानात दिसले होते तसेच. सून दारात आली. "काय झालं, मामा?" त्यानं हात वर करून तिला गप्प केलं.

एक कान मोकळा करून त्यानं विचारलं, "ह्यो मी हाय?"

"तुम्हीच."

"त्याला असा ऐकू येत व्हता?"

"असाच."

"आनि मैदानात?"

"मैदानात नाही. कर्ण्याला तुमचा आवाज झेपला नाही."

"मंजी मी पत्र्याला हरलो! रघ्याला नाय!" तो हसला. पोट धरून हसला. आणि मग एकदम थांबला. "चार वर्सं मी म्हादूशी बोललो नाय. बाजारात समोर आला तर रस्ता सोडला. तुझ्या एका बोलन्यावर." त्यानं तोंडातली तंबाखू अंगणात थुंकली. ती माझ्या पायापासून वीतभर अंतरावर पडली. तंबाखूसाठी थुंकला की माझ्यासाठी, ते मी विचारलं नाही.

तो पुढे ऐकत राहिला. मी एवढं पुढे ऐकलं नव्हतं, माझा पहिल्या जबाबावरच हिशेब पुरा झाला होता. ऊन चढलं होतं. त्याच्या कानशिलांवरून घाम ओघळत होता. तिसऱ्या जबाबानंतर त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"थांब. म्हादू बोलतोय हितं," तो म्हणाला. "तुझ्याबद्दल बोलतोय."

त्यानं हेडफोन काढून माझ्यापुढे धरला. गाद्या ओल्या होत्या. फडकं कधीच गळून पडलं होतं.

मी रिळ थोडं मागे घेतलं आणि घातला.

आधी लोकांचा गोंगाट. मग माईकचा दांडा खरवडल्याचा आवाज. फेरी संपल्यावर तू हेडफोन काढून बुवाचा माईक वर करायला गेला असशील. मग तू, अगदी जवळून, ढोलकीवाल्याशी बोलत होतास:

"गड्या, त्यो बघ, पार मागं. आमचा काटेवाला टोपी हालवतोय! आठ वर्सं माझ्यासंगं हिंडतोय, कुनाच्या गान्याला टोपी हालवली नाय त्यानं. बुवानं जिकलं आज, लिहून घे."

तू पाहिलं होतंस, म्हादू. डोळे उघडून पाहिलं होतंस आणि तुला आनंद झाला होता. रुमाल तुझ्या पेटीत पडला होता, मीच टाकला होता.

कर्ण्यातून आला असतास तर साठ पावलांवरून आला असतास. हेडफोनात तू माझ्या दोन कानांच्या मध्ये होतास. धोंडूबुवाचा घाम माझ्या मानेवरून सदऱ्यात उतरत होता. खिशात धुतलेला रुमाल होता. मी रिळ मागे घेतलं आणि तुला पुन्हा लावलं.